‘मुळे’ या शब्दाचा हिशेब : रोजगार हमीच्या इतिहासातून काही प्रश्न

आपल्या विरोधातले बहुतेक युक्तिवाद ‘मुळे’ या दोन अक्षरांवर उभे असतात. आरक्षणामुळे गुणवत्ता घसरली. रोजगार हमीमुळे मजूर आळशी झाले. किमान वेतनामुळे कामे कमी झाली. रेशनच्या धान्यामुळे शेताला माणूस मिळेना. एसटीत, पारावर, टीव्हीच्या चर्चेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही वाक्ये इतक्या सहज बोलली जातात की जणू कोणीतरी ती मोजूनमापून घेतली आहेत. आम्ही युवकांच्या शिबिरांत जातो तेव्हा दिसते की आपले कार्यकर्ते या वाक्यांना दोन प्रकारे उत्तर देतात. एक तर संतापाने, नाहीतर हक्काच्या भाषेत : हे संविधानाने दिले आहे, कोणाचे उपकार नाहीत. दोन्ही रास्त आहेत. पण ‘मुळे’ला उत्तर त्यात येत नाही, आणि समोरचा मनात म्हणतो की बघा, मुद्द्यावर बोलता येत नाही यांना.

‘मुळे’ म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न साधा आहे. कशाच्या तुलनेत? ते धोरण नसते तर काय झाले असते, हे तुम्ही कशावरून ठरवले? अर्थशास्त्रात गेल्या तीसचाळीस वर्षांत या एका प्रश्नाभोवती मोठे शास्त्र उभे राहिले, त्याला नोबेलही मिळाले. पण हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या परंपरेत तो शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला आहे.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर एक निबंध लिहिला. तेव्हा त्यांचे वय २७ होते. त्या काळी सरकारी अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ यांचे जवळपास एकमत होते की शेतीचे तुकडे पडल्यामुळे शेतकरी गरीब आहे, म्हणून तुकडे एकत्र करा, धारणा मोठी करा. बाबासाहेबांनी या ‘मुळे’लाच हात घातला. त्यांचे म्हणणे असे की धारणा लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीत घालायला भांडवल, बैल, अवजारे किती आहेत त्यावर ठरते. आणि जमिनीचे तुकडे का पडतात? कारण शेतीबाहेर कामच नाही, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे जमिनीला चिकटून आहेत. तुकडे हे रोगाचे लक्षण आहे, रोग म्हणजे रिकामे हात. उपाय हवा तो उद्योगधंद्यांचा. नुसते बांध मोडून मोठी शेते केलीत तर रिकामे हात वाढतील. १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावर लिहिताना त्यांनी हीच रीत जातीला लावली. जात माणसाला एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाऊ देत नाही, म्हणून आपल्याकडच्या बेकारीचे एक थेट कारण जातच आहे, असे त्यांनी मांडले. पुढे मजूरमंत्री असताना, १९४६ साली, किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. या किमान वेतनाची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

आता रोजगार हमीकडे येऊ. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही योजना, आणि धोरणाचा परिणाम कसा मोजावा व कसा मोजू नये याची याहून चांगली शाळा आम्हाला माहीत नाही.

१९७० पासून सलग तीन वर्षे पावसाने ओढ दिली. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. घरातली म्हातारी माणसे अजून सांगतात : खडी फोडायला गेलो, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, रेशनचा लाल मिलो खाल्ला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. त्यात आपली माणसे किती, हे वेगळे सांगायला नको. ज्याला जमीन नाही त्याला दुष्काळात विकायलाही काही नसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४–६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले होते. मागणी जमिनीची होती. ती बहुतांशी मागणीच राहिली. आणि दुष्काळाच्या त्याच १९७२ सालात बावड्याचा बहिष्कार झाला, ब्राह्मणगावचा अत्याचार झाला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जमीन मागणाऱ्याला शासनाने अखेर काम देऊ केले, असा या इतिहासाचा आमचा अर्थ आहे. त्यामुळे काम फुकट जात नाही, पण ते कशाच्या बदल्यात आले हे विसरता कामा नये.

योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांनी या कल्पनेचा छोटा प्रयोग केला होता. १९७२ साली योजना सुरू झाली, दुष्काळी कामांत विरघळली, दुष्काळ सरल्यावर पुन्हा उभी राहिली. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. कामाचा हक्क कायद्याने देणारे असे दुसरे उदाहरण तेव्हा जगात शोधावे लागले असते. पैसा कुठून? मुख्यतः शहरातून. १९७५ साली आलेला व्यवसाय कर याचसाठी होता. नोकरदाराच्या पगारपत्रकावर ‘पी.टी.’ या नावाने महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत तीनशे, त्याचे मूळ बहात्तरच्या दुष्काळात आहे. आरक्षणावर तावातावाने बोलणाऱ्या कितीजणांना हे माहीत आहे?

शहरी मध्यमवर्गाने हा कर का सोसला? गावातून मुंबईकडे येणारे लोंढे थांबावेत म्हणून. आणि गावच्या बागायतदाराने योजना का सोसली? रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या दोन अभ्यासकांनी १९८३ साली याचे उत्तर शोधले. मजूर माती वाहतो, पाझर तलाव होतो, पाणी मुरते आणि खालच्या अंगाला ज्याची विहीर असते तिला पाणी वाढते. विहीर कोणाची? ज्याला जमीन आहे त्याची. मजुराला मजुरी, मालकाला मालमत्ता. योजना टिकली ती केवळ गरिबांच्या कळवळ्याने नाही, तर सर्वांना थोडे थोडे मिळाले म्हणून, आणि सर्वांचे ‘थोडे’ सारखे नव्हते.

आता मोजणीचा पहिला धडा. रोहयोवर मजुराला समजा शंभर रुपये मिळाले. त्याचा फायदा किती झाला? शंभर, असे पटकन म्हणावेसे वाटते. पण रोहयो नसती तर तो माणूस त्या दिवशी काय करत होता? कोणाच्या शेतात रोजाने गेला असता तर ते पैसे बुडाले, ते वजा करावे लागतील. घरी बसून राहिला असता तर काही वजा करायचे नाही. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कंझारा या दोन गावांत एका संशोधन संस्थेने अनेक वर्षे कुटुंबाकुटुंबाच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवली होती. तिच्यावरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी १९९४ साली हिशेब मांडला. रोहयोवर आल्याने बुडालेली दुसरी कमाई मजुरीच्या साधारण पाव हिश्शाइतकी होती. म्हणजे शंभरातले सुमारे पंचाहत्तर खरोखर नवे. ‘चांगली कामे सोडून मजूर सरकारी कामावर सावलीत बसतात’ या आरोपाला याहून नेमके उत्तर नाही. सोडायला कामच नव्हते. ते बेकारीतून आले होते.

यात आमची एक पुस्ती आहे. बाई मातीकामावर गेली आणि तिच्या जागी घरी लहान भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी शाळा सोडून बसली, तर हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? पैशात न मोजलेली गोष्ट हिशेबात शून्य धरली जाते. रोहयोवर बायकांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे, म्हणून हा प्रश्न दुय्यम नाही. कामाच्या जागी पाळणाघराची तरतूद नियमात होती. किती कामांवर पाळणा टांगला गेला हे त्या कामांवर गेलेल्या आयांना विचारा.

दुसरा धडा याहून मोठा आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका खटल्यात निकाल दिला, संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे ही संविधानाच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच ठरते, असे त्यात म्हटले. कलम २३ म्हणजे वेठबिगारीला बंदी घालणारे कलम. आपल्या आजोबा-पणजोबांनी बिनमजुरीची येसकरी केली, त्यांच्या नातवंडांना हे कलम समजावून सांगावे लागत नाही. ‘उपाशी आहेस ना, मग देतो तेवढ्यावर काम कर’ हे शासनानेही म्हणायचे नाही, इतका या निकालाचा अर्थ स्पष्ट आहे. पुढे महाराष्ट्रातही रोहयोची मजुरी शेतमजुरीच्या किमान वेतनाशी जोडली गेली आणि १९८८ साली ते किमान वेतन जवळपास दुप्पट झाले.

मग काय झाले? रोहयोवरची हजेरी झपाट्याने खाली आली.

या एका वस्तुस्थितीची गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगता येते. शासनाला सोयीची गोष्ट अशी : पाऊस बरा झाला, शेतीत कामे निघाली, गरिबी कमी झाली, लोकांना रोहयोची गरज उरली नाही. मालकवर्गाला सोयीची गोष्ट अशी : बघा, किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो. तिसरी शक्यता कोणी मोठ्याने बोलत नव्हते. लोक काम मागत होते, पण काम काढले जात नव्हते.

रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या लेखाचा मथळाच प्रश्नार्थक होता : महाराष्ट्राची रोजगार हमी खरोखर रोजगाराची हमी देते का? रीत समजून घेण्यासारखी आहे. आधीच्या कितीतरी वर्षांची दर महिन्याची हजेरी त्यांनी घेतली. हंगामाप्रमाणे ती कशी चढते-उतरते, मजुरी आणि पाऊसपाणी यांनी ती कशी हलते, याचा अंदाज बांधला. मग विचारले : हाच रिवाज १९८८ नंतर चालू राहिला असता तर हजेरी किती असायला हवी होती? मजुरी दुप्पट झाली तर जास्त माणसे यायला हवीत. पाच रुपयांना जो उन्हात यायला तयार नव्हता तो दहा रुपयांना येईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणजे अंदाज वर जातो आणि प्रत्यक्ष हजेरी खाली. ही दरी चांगल्या पावसाने भरून निघत नव्हती. त्यांचा निष्कर्ष होता की मजुरी वाढल्यावर कामाचे रेशनिंग सुरू झाले. कागदावर हमी तीच होती, पण मागेल त्याला काम ही गोष्ट संपत आली होती.

रेशनिंग म्हणजे कोणी पाटी लावत नाही की आज काम बंद. नवे काम सुरू करायला किमान पन्नास मजूर लागतात हा नियम होता. पंचेचाळीस जमले तर परत पाठवा. काम जवळ न काढता लांब काढा, लहान मुलांची आई आपोआप गळते. मस्टर उशिरा काढा, पगार उशिरा करा, मुकादमाकडून दोन खेपा जास्त मोजून घ्या. अर्ज तोंडी ऐकून घ्या, लिहून घेऊ नका. यातली प्रत्येक गोष्ट बारीक आहे आणि एकीचीही कुठे नोंद राहत नाही. नोंद राहते ती फक्त घटलेल्या हजेरीची. मग मुंबईत बसलेला अधिकारी आकडा पाहून म्हणतो, मागणी घटली.

आता मालकवर्गाच्या गोष्टीकडे वळू, कारण तिला पाठ्यपुस्तकाचा आधार आहे. मजुरी वाढली की मालक माणसे कमी घेतो, म्हणून किमान वेतन गरिबाच्याच मुळावर येते, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी हे प्रत्यक्ष तपासायचे ठरवले. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तसेच राहिले. या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड हॉटेलांत वाढीच्या आधी आणि नंतर कामगार किती हे विचारले. सारखा धंदा, सारखा ग्राहक, सारखी मंदी, फरक फक्त कायद्याचा. पेनसिल्व्हेनिया म्हणजे ‘कायदा नसता तर’चा आरसा. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचा पुरावा सापडला नाही. अर्थशास्त्रज्ञांत मोठे वादळ उठले, ते अजून पुरते शमलेले नाही, पण कार्डला २०२१ साली नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात मात्र मजुरी वाढली आणि हजेरी खरोखर घटली. मग पाठ्यपुस्तक बरोबर? इथेच थांबून विचार करायला हवा. हॉटेलमालकाला माणूस ठेवायचा की नाही याचा अधिकार आहे. रोहयोत मालक कोण होता? शासन. आणि शासनाला तो अधिकार कायद्याने ठेवलेलाच नव्हता. मागेल त्याला काम द्यायचेच होते, मजुरी सहा असो की बारा. मजुरी दुप्पट झाली तर तरतूद त्या प्रमाणात वाढवणे हे कायद्याने आलेले ओझे होते. ते टाळले गेले तर हजेरी घटण्याचे ‘कारण’ वाढलेली मजुरी, की ती देण्यासाठी न वाढवलेला पैसा? आकडेशास्त्र इतकेच सांगू शकते की १९८८ नंतर दरी पडली आणि ती मागणी घटल्यामुळे नाही. कारणाच्या साखळीत कोणत्या कडीवर बोट ठेवायचे हे राजकारण ठरवते. बोट मजुरीवर ठेवले की दोष कामगाराच्या हक्काला लागतो. अंदाजपत्रकावर ठेवले की मंत्रालयाला. आमचे बोट अंदाजपत्रकावर आहे, आणि कायद्याचा मजकूर आमच्या बाजूने आहे.

२००५ साली केंद्राने राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा मोजणी करणाऱ्यांना नवी संधी मिळाली. योजना सगळीकडे एकदम आली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३०, एप्रिल २००८ पासून उरलेले ग्रामीण जिल्हे. ज्या जिल्ह्यांत आधी आली आणि ज्यांत नंतर, त्यांची तुलना करता येते. पण इथे एक खड्डा आहे, आणि आपल्या वादविवादांत माणसे रोज त्यात पडतात. पहिले २०० जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. मागासलेपणाच्या ज्या निर्देशांकाचा आधार घेतला होता त्यात शेतमजुरीचा दर, शेतीतले दरमाणशी उत्पादन आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या हेच निकष होते. म्हणजे जिथे मजुरी सर्वांत कमी तिथे योजना आधी. आता कोणी म्हणाला की रोहयोच्या जिल्ह्यांत मजुरी कमी आहे, म्हणून रोहयोमुळे मजुरी पडली, तर? दवाखान्यात आजारी माणसे जास्त दिसतात म्हणून दवाखान्यामुळे आजार होतात म्हणण्यासारखे आहे ते. म्हणून अभ्यासक फरकातला फरक पाहतात. आधीच्या जिल्ह्यांत मजुरी किती वाढली, त्याच काळात नंतरच्या जिल्ह्यांत किती वाढली, आणि या दोन वाढींत अंतर किती. क्लेमां इम्बेर आणि जॉन पॅप यांनी २०१५ साली असा हिशेब छापला. कोरड्या हंगामात, म्हणजे रोहयोची कामे निघतात तेव्हा, खासगी कामावरची रोजंदारी पाच टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली. रोहयोवर कधीही न गेलेल्या मजुरालाही ती वाढ मिळाली, कारण मालकाला आता वाढवून द्यावे लागले.

‘रोहयोमुळे शेताला मजूर मिळत नाही’ हे वाक्य या उजेडात पुन्हा वाचा. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा खरा अर्थ असा आहे की जुन्या भावात मजूर मिळत नाही. शेतीच्या हंगामात रोहयो बंद ठेवा, ही मागणी मजुराच्या हातातला हाच एक पर्याय काढून घेण्याची मागणी आहे. अर्थशास्त्रज्ञ त्याला सौदाशक्ती म्हणतात. सकाळी मालकाचा माणूस वस्तीत येऊन बायकांची नावे घेतो आणि एखादी ‘आज नाही येत’ म्हणू शकते, तेव्हा पाच टक्क्यांच्या वाढीत न मावणारेही काही बदललेले असते. या अभ्यासांवर आमचा आक्षेपही इथेच आहे. ते ‘मजूर’ नावाचा एकसारखा माणूस धरतात. बाबासाहेबांनी सांगितले होते की जात ही श्रमाची नुसती विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मजुरीची सरासरी वाढली, पण कोणाची? उसातल्या, वीटभट्टीवरच्या, नालेसफाईच्या कामात जात पाहून माणूस लावला जातो, तिथे ही वाढ किती पोचली? सरासरीत जात बुडते.

जातीचा परिणाम मोजताच येत नाही, असे मात्र नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभवात तोडीस तोड, फरक नावाचा. उच्चवर्णीय नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे दलित नावाचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाले, मुस्लिम नावाचे एक-तृतीयांश. इथे ‘नसते तर’ कल्पावे लागत नाही. तोच अर्ज दुसऱ्या नावाने जातो आणि उत्तर बदलते. ज्यांना आरक्षणाचे ‘मुळे’ दिसते त्यांना आडनावाचे ‘मुळे’ दिसत नाही. आणि गुणवत्ता घसरल्याचे म्हणाल तर अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी झोननिहाय तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घसरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट ‘अ’ आणि ‘ब’ श्रेणीत काही निष्कर्ष वाढीकडे झुकतात. एका अभ्यासाने जगाचा निकाल लागत नाही. पण ‘घसरली’ म्हणणाऱ्यांकडे असा एक तरी अभ्यास आहे का, हे विचारायला आपण संकोचू नये.

परत रोहयोकडे. २००९–१० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने घरोघरी एक साधा प्रश्न विचारला : तुम्ही रोहयोचे काम मागितले का, आणि मिळाले का? शासनाच्या संगणकावर त्या वर्षी मागणाऱ्या जवळपास सर्वांना काम मिळालेले होते. घरी जाऊन विचारले तेव्हा चित्र फिरले. पूजा दत्ता, रिंकू मुरगई, रॅव्हेलियन आणि डॉमिनिक व्हॅन डी वॉल यांनी ही आकडेवारी मांडली. देशभरात काम हवे असलेल्या कुटुंबांपैकी ४४ टक्के कुटुंबांना ते मिळालेच नव्हते. ज्या महाराष्ट्राने ही योजना देशाला दिली तिथे काम मिळालेल्या कुटुंबांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी खाली होते. १९९३ सालच्या लेखाचाच प्रश्न त्यांनी वीस वर्षांनी पुन्हा मथळ्याला घेतला, या वेळी महाराष्ट्राऐवजी भारत लिहून.

दोन आकडे इतके वेगळे कसे? कारण संगणकात ‘मागणी’ तेव्हाच जन्मते जेव्हा ग्रामरोजगार सेवक ती लिहून घेतो, आणि तो लिहितो तेव्हा, जेव्हा देण्याजोगे काम मंजूर असते. पुरवठा ठरला की तेवढीच मागणी नोंदवायची. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे बायकांना ठरलेले उत्तर मिळते : ‘नाव सांगून जा, काम निघालं की निरोप देऊ.’ निरोप येत नाही. कागदावर त्या कधी आल्याच नव्हत्या. दहा वर्षांनी कोणी विद्यार्थी त्या गावची आकडेवारी काढेल आणि लिहील, या गावात रोजगार हमीला मागणी नव्हती. लोक संपन्न झाले असावेत, किंवा आळशी.

म्हणून प्रत्येक शाखेने करायचे काम असे. वस्तीतल्या काम हव्या असलेल्या प्रत्येक कुटुंबाचा नमुना क्रमांक ४ चा अर्ज लेखी द्यायचा आणि तारीख-सहीची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठायचे नाही. ग्रामपंचायतीने घेतला नाही तर तहसील कार्यालयात द्यायचा. पंधरा दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता – पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा – हे सगळे त्या तारखेपासून मोजले जाते. पोचेचा फोटो काढून शाखेच्या वहीत चार रकाने भरायचे : कोणी मागितले, कधी मागितले, काम कधी मिळाले, किती लांब मिळाले. बाईचे नाव तिच्याच नावाने लिहायचे, नवऱ्याच्या जॉबकार्डात दडपायचे नाही. वही दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि इतिवृत्तात घ्यायला लावायची.